योकोहामाची रंगवलेली छायाचित्रं: देवळं, तोरिई (देवस्थानांच्या प्रवेशकमानी), फुजी. कशी बनायची, कशी ओळखायची?

काचपट्टी

जपानी देवस्थानांची हाताने रंगवलेली जुनी छायाचित्रं हल्ली संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ढिगाने दिसतात. लाल पूल, धुक्यातला फुजी, कामाकुराचा बुद्ध. खाली बहुतेक वेळा नुसतं 'जपान, एकोणिसावं शतक' एवढंच. त्यापेक्षा जास्त सांगता येतं, त्यासाठी हा धागा. आधी बनवण्याची कृती देतो, कारण ओळखीच्या निम्म्या खुणा तिथेच आहेत.

या प्रकाराला 'योकोहामा शाशिन' म्हणतात. शाशिन म्हणजे छायाचित्र. सुएझ कालवा आणि अमेरिकेच्या आरपार जाणारी रेल्वे दोन्ही १८६९ मध्ये सुरू झाले आणि जगप्रदक्षिणेला निघालेले हौशी प्रवासी योकोहामा बंदरात उतरू लागले. त्यांच्यासाठी हा माल. गिऱ्हाईक यादीतून चित्रं निवडायचं, दुकान ती रंगवून, पुठ्ठ्यावर चिकटवून, लाखेच्या झाकणांचा अल्बम बांधून द्यायचं. साधारण २० बाय २६ सेंटिमीटरची चित्रं, बऱ्याचदा अल्बममध्ये पन्नास.

निगेटिव्ह काचेचं. इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं गनकॉटन म्हणजे कोलोडियन. त्यात आयोडाइड-ब्रोमाइड क्षार. काच एका कोपऱ्यात धरायची, मधोमध कोलोडियनचं थारोळं ओतायचं, काच तिरपी करत चारही कोपऱ्यांत फिरवायचं आणि उरलेलं एका कोपऱ्यातून बाटलीत परत. दहा-पंधरा सेकंदांत थर चिकट झाला की अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या टाकीत तीन-चार मिनिटं. मग ओली काच कॅमेऱ्यात, ओली असतानाच प्रकाश, ओली असतानाच फेरस सल्फेटचा डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं द्रावण. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकायचं. उन्हाळ्यात त्याहून कमी, कारण इथर उडतं आणि थर कडेकडून वाळतो. वाळलेल्या जागी डेव्हलपर धरत नाही. म्हणजे निक्कोच्या डोंगरात फोटो काढायचा तर अंधारा तंबू, काचांच्या पेट्या, रसायनं, पाणी, सगळं हमालांच्या पाठीवर.

डेव्हलपर एका झटक्यात पूर्ण काचेवर पसरला पाहिजे. हात मध्येच अडखळला की तिथे रेघ उमटते आणि आकाशात ती हमखास दिसते. प्लेटहोल्डर अस्वच्छ असेल तर कडेने शिंपल्यासारखे डाग. धुळीचा कण असेल तर शेपटीवाला ठिपका. मूळ कडा कापलेल्या नसतील तर एक कोपरा पाहा: जिथे काच बोटांत धरली होती तिथे थरच नसतो. ती खूण दिसली की काच ओल्या पद्धतीची.

---

पागोळी

छपाईचा भाग मी पूर्ण करते.

त्या काळी मोठं करून छापणं व्यवहारात नव्हतं. काच जेवढी, चित्र तेवढं. कागद पातळ, वर अंड्याच्या पांढऱ्याचा, म्हणजे अल्ब्युमेनचा थर. पांढऱ्यात मीठ (अमोनियम किंवा सोडियम क्लोराइड) घालून, फेसून, निवळू देऊन त्यावर कागद तरंगवायचा. तयार कागद युरोपातूनही यायचा, ड्रेस्डेन हे त्याचं मोठं केंद्र. दुकानात तो दहा-बारा टक्क्यांच्या सिल्व्हर नायट्रेटवर तीनेक मिनिटं तरंगवायचा, अंधारात वाळवायचा आणि शक्यतो त्याच दिवशी वापरायचा, नाहीतर पिवळा पडतो.

मग चौकटीत काचेखाली घालून उन्हात. डेव्हलपर लागत नाही, चित्र उन्हानेच उमटतं. चौकटीची मागची फळी बिजागरीची असते, अर्धी उघडून डोकवायचं. हवं त्यापेक्षा गडद होऊ द्यायचं, कारण पुढे हायपोत (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात) ते उतरतं. नंतर धुणं, सोन्याच्या क्षारात टोनिंग (विटकरी तपकिरीवरून जांभळट तपकिरीवर येतं), हायपो, आणि वाहत्या पाण्यात बराच वेळ धुणं. जून-जुलैच्या त्सुयूमध्ये, म्हणजे तिकडच्या पावसाळ्यात, ऊन नसलं की छपाई रखडली.

फसतं कुठे? हायपो थकलेला असेल किंवा धुणं उरकलं असेल तर काही वर्षांनी कडेकडून फिकट पडायला लागतं. पांढऱ्या भागांचं पिवळेपण मात्र चांगल्या कामातही येतं. अंड्याच्या प्रथिनाला बांधली गेलेली चांदी पूर्ण निघतच नाही. म्हणून 'पिवळं म्हणजे निकृष्ट' हा निष्कर्ष चुकीचा.

रंगवायच्या प्रती मुद्दाम फिक्या छापत. रंग पारदर्शक, खाली गडद तपकिरी असेल तर वरचा रंग दिसणारच नाही.

---

चिमणचारा

मग लाल तोरिई बऱ्याच चित्रांत काळपट किंवा घट्ट विटकरी का दिसतात? रंगकामात हात आखडता घेतला का?

---

पागोळी

@चिमणचारा, रंगाऱ्याची चूक नाही, कोलोडियनची आहे. त्याला निळा आणि जांभळा प्रकाशच दिसतो. लाल जवळजवळ दिसतच नाही. शेंदरी खांब निगेटिव्हमध्ये रिकामा राहतो आणि छापल्यावर काळा येतो. काळ्यावर पारदर्शक लाल लावून काय होणार? चांगल्या दुकानांत तिथे अपारदर्शक रंग वापरत. भिंगातून पाहिलं तर तो पृष्ठभागावर बसलेला, थोडा मॅट दिसतो. बाकी चित्र चकचकीत आणि पूल तेवढा खडूसारखा, असं दिसलं की समजायचं.

फुजीची गत उलटी. दुरून पाहताना मधली हवा निळसर. कोलोडियनला ते निळं म्हणजे पांढरं. आकाशही पांढरं. बर्फाच्छादित ३७७६ मीटरचा डोंगर पांढऱ्यात पांढरा विरघळतो. म्हणून तागोनोउराच्या किनाऱ्याच्या किंवा हाकोने तलावाच्या कित्येक चित्रांत फुजीची कड निगेटिव्हवर हाताने आखलेली असते. ओळखायची खूण: कड फार स्वच्छ, दोन्ही उतार जरा जास्तच सारखे, आणि पाण्यातल्या प्रतिबिंबाशी शिखर नीट जुळत नाही.

पांढऱ्या आकाशाची भरपाई रंगात. वर निळा पट्टा, खाली उतरत फिका, क्षितिजावर गुलाबी. उकियो-एच्या, म्हणजे लाकडी ठशांच्या जपानी चित्रांतल्या 'बोकाशी'ची (रंग गडदावरून फिका करत नेण्याची) ही सरळ सावली आहे. उन्हाची सावली भर दुपारची आणि क्षितिज पहाटेचं, असली गंमत यातून होते.

---

उत्तरायण

कृती छान झाली. आता जागांवरून काळ. ही पद्धत मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण दगड-लाकूड खोटं बोलत नाही.

आधी हद्द. तहांनुसार परदेशी माणसाला बंदरापासून दहा री, म्हणजे सुमारे ३९ किलोमीटरच्या पुढे मोकळेपणी जाता येत नसे. त्यापलीकडे पारपत्र. ही भानगड १८९९ मध्ये संपली. म्हणून सुरुवातीच्या चित्रांत कामाकुरा, एनोशिमा, फुजिसावा यांची गर्दी: योकोहामाहून जाऊन-येऊन होणारी ठिकाणं. क्योतो-नारा नंतर वाढतात. कोबे–क्योतो रेल्वे १८७७, तोक्यो–कोबे पूर्ण मार्ग १८८९, निक्कोपर्यंत रूळ १८९०.

कामाकुरा, त्सुरुगाओका हाचिमान. १८६८ मध्ये मेइजी सरकारने शिंतो (जपानचा मूळचा धर्म) आणि बौद्ध वेगळे करण्याचा हुकूम काढला. तोवर हाचिमानच्या आवारात बौद्ध इमारती होत्या, त्यात एक भव्य स्तूपमनोरा. १८७० मध्ये त्या पाडल्या. योकोहामातला छायाचित्रकार फेलिचे बिआतो याच्या चित्रांत तो मनोरा उभा दिसतो. म्हणजे असं चित्र नंतर कितीही उशिरा छापलेलं असो, काच १८७० च्या आधीची. एखाद्या वास्तूचा जवळजवळ एकमेव चांगला पुरावा पर्यटकांना विकायच्या चित्रात उरावा, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

मियाजिमा, समुद्रातलं तोरिई. आत्ताचं १८७५ चं, कापराच्या झाडाच्या खांबांचं, सुमारे १६ मीटर उंच. आधीचं १८५० मध्ये कोसळलं होतं. म्हणून इथे तोरिई असलेलं कुठलंही छायाचित्र १८७५ च्या आधीचं असू शकत नाही. '१८६०चं दशक' अशी चिठ्ठी दिसली तर सरळ खोडा.

निक्को, शिंक्यो हा लाल पूल. १९०२ च्या पुरात वाहून गेला, १९०४ मध्ये पुन्हा बांधला. त्याच पुराने कानमानगाफुचीच्या ओळीतल्या काही जिझो मूर्तीही नेल्या.

आसाकुसा: मागे बारा मजली र्‍योउनकाकु मनोरा दिसला तर १८९० ते १९२३ मधलं. नसला तरी घाईने १८९० आधीचं म्हणू नका, कॅमेरा कुठे वळला होता ते पाहा.

क्योतोच्या किंकाकुजीला, म्हणजे सुवर्णमंडपाला, जुन्या चित्रांत सोनं जवळपास नसतंच, लाकूड उघडं. ते मूळ मंडप १९५० मध्ये जळलं, आत्ताचं १९५५ चं. रंगाऱ्याने तिथे पिवळा हात फिरवला असेल तर तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

---

चिमणचारा

छायाचित्रकाराचं नाव कुठे असतं? खाली पांढऱ्या अक्षरांत क्रमांक आणि इंग्रजी ओळ असते, त्यावरून कळतं का?

---

शाईचा_डाग

अंशतः. आणि इथेच सगळे फसतात, म्हणून जरा सविस्तर.

बिआतो १८६३ मध्ये योकोहामात आला. (१८५८ मध्ये हाच माणूस लखनौ, दिल्ली, कानपूरचे उठावानंतरचे अवशेष टिपत होता.) २६ नोव्हेंबर १८६६ च्या योकोहामाच्या आगीत त्याचा काचांचा साठा गेला. पुन्हा फिरून त्याने संच जमवला आणि १८६८ मध्ये दोन भागांत आणला, एकात दृश्यं, एकात माणसं. पुढच्या सगळ्या दुकानांनी हीच विभागणी उचलली. १८७७ मध्ये त्याने दुकान आणि काचा श्टिलफ्रीड-अँडरसन या छायाचित्रकारांच्या पेढीला विकल्या. १८८५ मध्ये तो व्यवसाय आदोल्फो फारसारीकडे आला. १८८६ च्या फेब्रुवारीत तिथे आग, काचा गेल्या. फारसारीने सुमारे पाच महिने हिंडून नव्याने चित्रं घेतली आणि १८८७ मध्ये पुन्हा दुकान मांडलं.

दरम्यान कुसाकाबे किंबेई. आधी बिआतोकडे रंगकाम, मग श्टिलफ्रीडकडे, १८८० च्या सुमारास स्वतःचं दुकान. त्याच्या यादीत दोन हजारांवर चित्रं. त्यातली काही बिआतो आणि श्टिलफ्रीडच्या काचांवरून, काही उचिदा कुइचीच्या. उचिदा म्हणजे १८७२ आणि १८७३ मध्ये सम्राट मेइजीची छायाचित्रं काढणारा.

तेव्हा तळाची ओळ सांगते की ही प्रत कोणत्या दुकानातून विकली गेली. काच कोणी उघडी केली ते सांगत नाही. नोंद करताना 'काच: अमुक, प्रत: तमुक' असे दोन रकाने ठेवा. एकच रकाना असेल तर गोंधळ नक्की.

कायद्यानेही फारसं अडत नव्हतं. १८७६ च्या जपानी नियमाने छायाचित्राला मिळणारं संरक्षण पाच वर्षांचंच होतं.

---

काचपट्टी

अक्षरांची तांत्रिक बाजू: निगेटिव्हवर अपारदर्शक शाईने लिहिलं की छापताना तिथे ऊन जात नाही, अक्षर पांढरं येतं. थर खरवडून लिहिलं की काळं. थराची बाजू कागदाला टेकवायची असते, म्हणून त्या बाजूवर आरशातल्यासारखं उलटं लिहावं लागतं. त्यामुळे मधूनच उलटा 'एन' किंवा 'एस' सापडतो. 'टेम्पल' शब्दावर जाऊ नका; तेव्हा शिंतो जिंजा काय आणि बौद्ध तेरा काय, सगळ्यांना टेम्पलच लिहायचे. तोरिई, शिमेनावा दोरी, कोमाइनु म्हणजे दगडी सिंह-कुत्रे असतील तर जिंजा असण्याकडे कल. पण १८६८ आधीच्या मिश्र आवारांमुळे हाही नियम पक्का नाही.

---

माजघर

तोरिई म्हणजे आपलं तोरणच ना?

---

उत्तरायण

@माजघर, तसं म्हणणारे अभ्यासक आहेत. सांचीचं तोरण डोळ्यांसमोर आलं की पटतंही. पण 'पक्षी बसायची जागा' अशीही व्युत्पत्ती देतात, आणि वाद मिटलेला नाही. वेगळा धागा काढा, इथे रंग सांडू नये.

---

माजघर

बरं. मग विषयावरचा प्रश्न. रंगवलेली प्रत साधीपेक्षा नंतरची, असं धरायचं का?

---

पागोळी

नाही. बिआतोच्या वेळेपासून रंगवून विकत होते. फरक दर्जात शोधा. फारसारीच्या दुकानात चांगला रंगारी दिवसाला दोन-तीनच प्रती पूर्ण करायचा. दुसऱ्या टोकाला तामामुरा कोझाबुरो: १८९६ मध्ये बॉस्टनच्या एका प्रकाशकाने जपानवरच्या अनेक खंडांच्या ग्रंथासाठी त्याच्याकडे दहा लाखांच्या घरात रंगीत प्रती मागितल्या. पुस्तकात चिकटवायच्या खऱ्या छायाचित्र-प्रती, छापील नव्हेत. एवढ्या कामात एक जण आकाश, एक जण झाडं, एक जण कपडे असं वाटून द्यावंच लागतं. मग एकाच चित्राच्या दोन प्रतींत ओबी (किमोनोचा कमरपट्टा) एकदा हिरवी, एकदा जांभळी. रंगावरून वेशभूषेचे निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

हात ओळखायचा असेल तर तीन जागा पाहा. छपराची कड, पानांच्या फटी, लांबच्या माणसांचे चेहरे. घाईच्या कामात हिरवा रंग छपरावर सांडलेला असतो आणि दूरची माणसं तशीच तपकिरी सोडलेली असतात. अंड्याचा थर तुळतुळीत, पाण्याचा रंग त्यावर मण्यांसारखा गोळा होतो. माध्यम नीट नसेल तर सपाट जागी, म्हणजे पाण्यात आणि आकाशात, ठिपक्याठिपक्यांचा पोत दिसतो.

---

शाईचा_डाग

एका गोष्टीवर थोडा मतभेद. @उत्तरायण म्हणतात दगड-लाकूड खोटं बोलत नाही. वास्तू काचेचा काळ सांगते, प्रतीचा नाही. १८७० आधीचा हाचिमान १८८५ च्या अल्बममध्ये असू शकतो. प्रतीसाठी अल्बममधलं सर्वांत उशिराचं चित्र शोधा. पन्नासपैकी एकोणपन्नास जुनी आणि एकात र्‍योउनकाकु असेल, तर अल्बम १८९० नंतर बांधलेला, विषय संपला.

दुसरं, माणसांची हालचाल. ओल्या काचेला देवळाच्या आवारात काही सेकंद लागत. निक्कोच्या सुगी झाडांखाली तर आणखी, कारण हिरवाही नीट दिसत नाही आणि सावली दाट. म्हणून चालणारी माणसं भुतासारखी, केगोनचा ९७ मीटरचा धबधबा दुधासारखा. सुक्या जिलेटिन काचा जपानात १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला रुळल्या. १८८३ मध्ये एझाकी रेइजीने सुमिदा नदीतल्या पाणसुरुंगाचा स्फोट टिपून दाखवला. पायरी चढणाऱ्या यात्रेकरूचा उचललेला पाय रेखीव दिसला तर काच बहुधा त्यानंतरची. उलट मात्र सिद्ध होत नाही. सुक्या काचेवरही कॅमेऱ्याच्या भिंगाचं छिद्र बारीक केलं की पाणी दूधच होतं.

---

उत्तरायण

मान्य. 'काचेचा काळ' असं लिहायला हवं होतं.

---

चिमणचारा

ऑनलाइन विक्रीत 'अल्ब्युमेन' म्हणून छापील चित्रं खपवतात, ते कसं पकडायचं? आणि पोस्टकार्डं?

---

काचपट्टी

दहापट भिंग पुरतं.

अल्ब्युमेन: चकाकीच्या थराखाली कागदाचे तंतू दिसतात, थराला बारीक तडे, पांढऱ्या भागात पिवळट छटा, चित्रात ठिपके कुठेच नाहीत. सुटी प्रत असेल तर ती गुंडाळी होऊ पाहते, म्हणून तर पुठ्ठ्यावर चिकटवत.

कोलोटाइप: शाईची छपाई, पण जाळी नाही. भिंगाखाली आक्रसलेल्या सायीसारखा वेडावाकडा बारीक दाणा. ओगावा काझुमासाने १८८९ मध्ये जपानात हे काम सुरू केलं आणि फार वरच्या दर्जाचं केलं. ते 'नकली' नव्हे, वेगळी जात आहे.

हाफटोन: ओळीत मांडलेले ठिपके. इथे वाद नाही.

पोस्टकार्डाची पाठ उलटा. खासगी चित्रकार्डांना जपानात १९०० मध्ये परवानगी मिळाली. पाठीवर रेघच नसेल तर १९०७ च्या आधीचं. रेघ एक तृतीयांशावर असेल तर १९०७ ते १९१८. मध्यावर असेल तर १९१८ नंतरचं. वरच्या 'हागाकी' शब्दात 'का' अक्षरावर दोन टिंबं आली (म्हणजे 'गा' झालं) की १९३३ किंवा पुढचं. नागासाकी, शिमोनोसेकी अशा तटबंदी क्षेत्रातल्या दृश्यांवर किल्ल्याच्या कार्यालयाची परवानगी असल्याची बारीक ओळही असते. त्यामागे १८९९ चा कायदा. या स्वस्त कार्डांनीच पन्नास चित्रांच्या अल्बमचा धंदा बसवला.

---

माजघर

मुंबई-कोकणाच्या हवेत असला अल्बम ठेवायचा कसा? जपानी निप्पॉन युसेन कंपनीने १८९३ मध्ये कोबे–मुंबई मार्ग सुरू केला होता, कापसासाठी. त्यामुळे इकडच्या घरांत असं काही सापडणं अशक्य नाही.

---

पागोळी

सापडला तर आधी काय करू नये ते. डांबरगोळ्या नकोत. बंद डब्यात सिलिका जेलचा ढीग नको: छायाचित्राला कोरडं चालेल, पण झाकण लाकडावर लाखेचं, फार कोरड्यात लाकूड आक्रसतं, लाख तडकते, शिंपल्याची जडवणूक सुटते. दोघांचा मध्य म्हणून सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५० टक्के, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती स्थिर. साठच्या वर गेली की अल्ब्युमेन झपाट्याने फिकं पडतं आणि खळीच्या वासाने कसर लागते. बाहेरच्या भिंतीचं कपाट टाळा, पावसाळ्यात ती भिंत घाम गाळते. अगदी स्वस्तातल्या नव्हे, बऱ्यापैकी आर्द्रतामापकाने महिनाभर नोंद ठेवा, मग जागा ठरवा.

ओल्या फडक्याने पुसू नका. रंग पाण्याचे आहेत, एका पुसण्यात निक्कोचा पूल फडक्यावर येईल. धूळ असेल तर मऊ कुंचल्याने, मधून कडेकडे. पुठ्ठ्यावरून प्रत सोडवू नका. अल्बम आडवा ठेवा, उभा नको. पानांमध्ये घालायचा कागद अल्कधर्मी बफर न घातलेला, फोटो ॲक्टिव्हिटी चाचणी (छायाचित्राला अपाय होत नाही ना याची तपासणी) उतरलेला. प्रदर्शनात ५० लक्स, तेही थोडे दिवस.

प्रत काढायची तर घडीचा अल्बम सपाट दाबून स्कॅनरवर पालथा घालू नका, मणका तुटतो. वरून कॅमेरा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशात दिवे, एक एक पान आधार देऊन.

---

चिमणचारा

शेवटचं. चित्र उलटं छापलंय का, डावं-उजवं, हे अक्षरं नसताना कसं कळणार?

---

उत्तरायण

किमोनो पाहा. जिवंत माणसाचा डावा पदर वर असतो, म्हणजे बघणाऱ्याला गळ्याशी इंग्रजी छोट्या लिपीतला 'वाय' दिसतो. उजवा वर फक्त मृताला. आवारातले सगळेच यात्रेकरू उजवा वर करून चालले असतील तर काच पालथी पडली आहे. सामुराई असेल तर तलवार डाव्या कमरेला हवी.

---

शाईचा_डाग

आणि माणसं मुंगीएवढी असतील तर कंदिलावरची आणि फलकांवरची कांजी अक्षरं. स्कॅन मोठं करून आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटवा, तसं वाचता आलं की चित्र उलटं.